कुंदाताईंची सरकती दारं

कुणाच्याही घरी गेलं की माणूस आधी माणसांकडे बघतो. कुंदाताई आधी दाराकडे बघायच्या. यजमानीणबाई "या, या" म्हणत हसून दारात उभ्या, आणि ह्या बाई वाकून बिजागऱ्या चाचपताहेत! दार एकदा लोटायचं, एकदा ओढायचं, कान लावून आवाज ऐकायचा आणि मग घरात पाऊल टाकायचं. त्यांच्याबरोबर असलो की मलाच कानकोंडं व्हायचं. मी म्हणायचो, "ताई, आधी नमस्कार तरी करत जा." तर म्हणायच्या, "अहो, मी नमस्कारच करतेय."

कुंदाताई सांगलीतल्या आर्किटेक्ट. ठेंगणीठुसकी बाई, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट घालणारी सांगलीतली दुसरी बाई मी तरी पाहिलेली नाही. घरं त्यांनी बरीच बांधली, पण त्यांचा जीव अडकलेला होता एकाच गोष्टीत, ती म्हणजे लाकडाची भलीमोठी सरकती दारं. भिंतच्या भिंत बाजूला सरकावी आणि घरात शेत यावं, डोंगर यावा, अंगणातला लिंब यावा, असं दार. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. आजारपण वगैरे फार झालं नाही. त्यांच्या यजमानांचा फोन आला तेव्हा मी लेथवर होतो आणि लेथ बंद करायचंही मला सुचलं नाही.

माझं माधवनगरला वर्कशॉप आहे. वडिलांच्या वेळी तिथं मागांचे सुटे भाग व्हायचे. मागच थंडावले, मग पंपाचे शाफ्ट, गिरणीचे दांडे, येईल ते काम करत मी बसलो होतो. एक दिवस ही बाई भडंग खात खात आत आली. हातात कागदाची पुडी, दुसऱ्या हातात कुठल्यातरी दाराचं मोडकं चाक. "हे का मोडलं असेल हो?" म्हणाली. मी म्हटलं, "वजन जास्त झालं असणार." "का बरं?" म्हटलं, दार जड असेल. "पण दार जड का बरं?" आता आली का पंचाईत! दार जड का, हे मी कसं सांगणार? पण बाई जाईनात. शेवटी चाक कापून आतली बेअरिंग काढून दाखवली, तेव्हा कुठं समाधान झालं. जाताना भडंगाची पुडी माझ्या टेबलावर ठेवून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. त्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक दाराची चाकं, रूळ, अडकण मी केली.

"का बरं?" हा त्यांचा मंत्र होता. लहान मूल विचारतं तसं विचारायच्या, खोचकपणा काडीचा नाही. गवंड्याला विचारायच्या, गिऱ्हाइकाच्या सासूला विचारायच्या, रस्त्यात म्हैस आडवी आली तर तिच्या मालकाला विचारायच्या. आमची बायको एकदा मला म्हणाली, "तुमच्या ताई आल्या की मला परीक्षेला बसल्यासारखं होतं." आणि तीच पुढं ताईंसाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवायला लागली.

घर बांधायचं म्हणून कुणी आलं की ताई नकाशा काढायच्याच नाहीत आधी. एक घडीचं स्टूल गाडीत असायचं. ते मोकळ्या जागेवर मांडायच्या आणि घरातल्या प्रत्येकाला आळीपाळीनं त्यावर बसवायच्या. "बसा. काय बघावंसं वाटतंय ते सांगा." लोक आधी लाजायचे. मग कुणी म्हणायचं डोंगर, कुणी म्हणायचं रस्ता, म्हणजे आलं गेलं कळतं. औंधच्या एका आजीबाई म्हणाल्या, "यमाईचं शिखर दिसूदे, पण जाऊबाईचं घर नको." ताईंनी दार तसंच केलं. एका अंगाला सरकवलं की देवी दिसते, आणि जाऊबाई राहतात दाराच्या पल्याड!

लाकूड त्या नवं घ्यायच्या नाहीत. आमच्याकडे जुन्या विणकाम शेडी पाडल्या की तुळया निघतात, सागाच्या, हातभर जाडीच्या. ताईंचे वडील एका गिरणीत विव्हिंग मास्तर होते, त्यामुळं त्या शेडी त्यांच्या ओळखीच्या. तुळईवर थाप मारून म्हणायच्या, "जाधव, हे आता वाकायचं नाही की फुगायचं नाही. जे काय वाकायचं ते सगळं वाकून झालंय ह्याचं." एवढं दार करंगळीनं सरकलं पाहिजे हा हट्ट. त्यांची करंगळी म्हणजे भेंडीएवढी! तिनं दार नाही हललं की चाकं परत लेथवर. मी वैतागून म्हणायचो, "लोक सगळा हात लावतात हो ताई." ऐकून घ्यायच्या. पण चाकं परत लेथवरच.

एकदा मी विचारलं, "एवढी दारं केलीत, तुमच्या फ्लॅटला का नाही एखादं?" त्या म्हणाल्या, "समोर पार्किंग आहे. दुसऱ्यांच्या स्कूटरी बघायला दार कशाला हवंय?"

आता त्यांना सगळंच जमायचं असं नाही बरं का. साताऱ्याला एका डॉक्टरांचं घर केलं, कासच्या बाजूला. दर्शनी दारच सरकतं. आतली फरशी आणि बाहेरचा ओटा एका पातळीत, मध्ये पायाला काही लागत नाही. बघायला लोक यायचे. ताई खूश, डॉक्टर खूश. मग डॉक्टरांच्या मुलाचं लग्न झालं. नवरानवरी वरात घेऊन दारात आली, मी आणि ताईही बोलावणं होतं म्हणून उभे. करवली तांदळाचं माप घेऊन पुढं झाली आणि थबकली. माप ठेवायचं कुठं? उंबराच नाही!

डॉक्टरांच्या आईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "सून आत कुठनं येणार? आत कुठं सुरू होतं ते तरी दाखवा कुणीतरी." बँडवाले वाजवायचे थांबले. नवरी बिचारी एका पायावर. मला वाटलं ताई आता समजावत बसणार. कसलं काय! त्यांनी पदर खोचला, माझ्या हाताला धरून ओढत मागं नेलं. तिथं तुळईचा उरलेला तुकडा पडला होता, तो आम्ही दोघांनी उचलून आणला, दारात आडवा ठेवला. ताईंनी स्वतः त्यावर हळदकुंकू वाहिलं. नवरीनं माप ओलांडलं, तांदूळ पार सोफ्याखाली गेले, बँड सुरू झाला. परतताना गाडीत ताई कराडपर्यंत पुडीतलं भडंग नुसतं चिवडत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "मला वाटत होतं आतलं-बाहेरचं एक केलं की झालं. पण आत यायला आधी बाहेर असावं लागतं की हो." त्यानंतर त्यांच्या प्रत्येक दाराला सुटा उंबरा असायचा, हवा तेव्हा बसवायचा, हवा तेव्हा काढायचा. त्याची खाच मला करावी लागायची आणि ती लय किचकट असायची.

आटपाडीचं काम आमचं शेवटचं. तेच मला पुन्हा पुन्हा आठवतं.

दत्ता म्हणून एक माणूस होता. धनगराचा मुलगा. लहानपणी बापाच्या मेंढरांमागं हिंडलेला. मग आपल्याकडची पोरं जातात तसा गलाईच्या धंद्यात तामिळनाडूला गेला, सोनं गाळता गाळता चार पैसे गाठीला लावले आणि आटपाडीच्या बाहेर माळावर बंगला बांधायला काढला. तो ताईंकडे आला तेव्हा मी तिथंच होतो. मोबाइलवर कुठल्याशा हॉटेलातलं मोठं लाकडी दार दाखवलं. ताईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "का बरं हवंय असं दार?"

दत्ता जरा वेळ मोबाइलशीच चाळा करत राहिला. मग म्हणाला, "ताई, खरं सांगू का? आमचा म्हातारा घरात झोपत न्हाई. सगळा जन्म मेंढरांजवळ झोपला. आता छातीचं दुखणं झालंय. डॉक्टर म्हणाला, अजून एक हिवाळा उघड्यावर काढला तर आमच्या हातात काही न्हाई. पाया पडलो, रडलो, माझी बायकू सुनीता दोन दिवस जेवली न्हाई. ऐकतच न्हाई. तुमी म्हणं घर उघडं करता. असं दार करा की म्हातारा आत यील."

ताईंनी पेन खाली ठेवलं. मला आठवतंय, त्यांनी त्या दिवशी दुसरा एकही प्रश्न विचारला नाही.

आण्णांना, म्हणजे दत्ताच्या वडिलांना, भेटायला आम्ही गेलो. काटकुळा माणूस, पांढऱ्या मिशा, खांद्यावर घोंगडं. खोकला असा की ऐकणाऱ्याची छाती दुखावी. ताईंनी स्टूल मांडलं. आण्णा स्टुलाकडे बघून म्हणाले, "ह्येच्यावर काय बसायचं? पडीन की." आणि खाली मातीत बसले. ताईही मातीत बसल्या.

"आण्णा, घरात का झोपत नाही तुम्ही?"

"झोप येत न्हाई."

"का बरं?"

"आवं, मेंढरं भायेर आन् मी आत, मंग मी राखन्या कसला? मधी भित आली की जीव घुसमाटतो. मेंढरू उठलं, शिंकलं, समदं कळाय पायजे. हाकेच्या पल्याड निजायचं न्हाई, आमच्या बानं सांगितलंय."

ताईंनी झपाटल्यासारखं काम केलं. वाघर, म्हणजे रात्री मेंढरं ज्यात कोंडतात ती जाळी, तिच्या बरोबर समोर आण्णांची खोली. मध्ये बारा फुटांचं दार. माळाची धूळ खालच्या रुळात बसणार म्हणून दार वरून टांगायचं. मी म्हटलं, एवढं ओझं टांगलं तर तुळईच खाली येईल. आमची त्यावर कडाक्याची भांडणं झाली, आठवडाभर बोलणं बंद, आणि शेवटी दोन चाकं वाढवून टांगलं. दाराला लाकडी झडपा होत्या. दार लावलं तरी झडपा उघड्या ठेवता येतील, म्हणजे गार वारं अंगावर येणार नाही पण मेंढरू शिंकलेलं ऐकू येईल. त्या झडपांचा कोन ठरवायला ताई स्वतः आत आडव्या झाल्या आणि मला बाहेर शिंकायला लावलं. भर बाजारच्या दिवशी, गवंड्यांसमोर मी खोटं खोटं शिंकतोय! कर्म माझं.

दार झालं. करंगळीनं सरकलं. आणि वास्तुशांतीला आम्ही गेलो तर दारासमोर लॉन.

हो, लॉन! दत्ता मधल्या काळात तामिळनाडूला जाऊन आला होता आणि येताना हे खूळ घेऊन आला. पाहुणे येणार, व्यापारी येणार, दारात लेंड्या बऱ्या दिसतात का? म्हणून वाघर उचलून बंगल्याच्या मागं, विहिरीच्या पलीकडे नेली. समोर आयती हिरवळ अंथरली, ठिबक टाकलं, कुंड्यांत पाम ठेवले. आटपाडीच्या माळावर! ताईंचा चेहरा पडला. दत्ता हौसेनं आण्णांना हाताला धरून घेऊन आला, खोलीत बसवलं, दार सरकवलं. आण्णांनी त्या हिरवळीकडे बराच वेळ बघितलं.

"ह्ये गवात कुनासाटी?" त्यांनी विचारलं.

"बघायला, आण्णा."

"बघायला," आण्णा म्हणाले. मग उठले, जेवणाच्या पंगतीतून वाट काढत मागं मेंढरांकडे निघून गेले. झोपलेही तिकडेच.

ताई त्या दिवशी न जेवता निघाल्या. दत्तानं पाय धरले तरी नाही. गाडीत एवढंच म्हणाल्या, "मी पाहुण्यांसाठी नव्हतं केलं हो ते." मग हिवाळा आला. मला वाटलं विषय संपला. पण दत्ताची बायको सुनीता मला नंतर म्हणाली की ताईंचा दर दोन-तीन दिवसांनी सकाळी फोन असायचा. दुसरं काही नाही, "आण्णा कुठं झोपले?" सुनीता सांगायची, "मागंच ओ, ताई." आणि ताई फोन ठेवायच्या. दिवाळी झाली, थंडी वाढली, आण्णांचा खोकला वाढला. एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं. परत आले ते सरळ विहिरीपलीकडे.

मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळी सकाळी दत्ताचा मला फोन. नुसता आरडाओरडा. "म्हाताऱ्यानं वाट लावली ओ माझी! लॉन संपवलं! तुमी न् ताई या, आन् त्या दाराला कुलूप करा आधी!" मी ताईंना घेतलं आणि निघालो. वाटेत त्यांनी भडंगाची पुडी उघडली नाही, तेव्हा मला कळलं त्या किती घाबरल्यात. त्यांना वाटलं आण्णांचं डोकं फिरलं.

पोचलो तर ऊन चांगलं वर आलेलं. लॉन असं काही राहिलंच नव्हतं. ठिबकाच्या नळ्या वेड्यावाकड्या, पामांचे नुसते दांडे, सगळीकडे लेंड्या, आणि मधोमध आण्णांचा अख्खा कळप रवंथ करत बसलेला. दत्ता काठी घेऊन येरझाऱ्या घालत होता.

"बघा! बघा ताई!"

"आण्णा कुठायत?" ताईंनी विचारलं.

"कुठं असणार? आत झोपलाय! सगळ्याचं वाटोळं करून आत झोपलाय!"

बोलून गेला, आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्याच्या येरझाऱ्या थांबल्या.

"आत?" ताई म्हणाल्या.

दार हातभर उघडं होतं, झडपा खुल्या. आत चकाचक फरशीवर घोंगडं अंथरून आण्णा झोपले होते. पायाशी एक कोकरू. सुनीता दबक्या आवाजात म्हणाली, "ह्ये काल परगावी व्हते. सांजच्यालाच मेंढरं हितं आणली. मंग म्हणाले, मी आत पडतो. रातभर हितंच हायेत. मी उठून उठून बघितलं. खोकलेसुद्धा न्हाईत."

दत्ताचा राग पुन्हा उसळला. एवढा खर्च, एवढी हौस. त्यानं पुढच्या मेंढीवर काठी उगारली, कळपात गलका झाला आणि आण्णा जागे झाले.

"कोन मारतंय रं?"

"आण्णा, काय केलंत हे? सगळं खाल्लं की त्यांनी!"

"खातीलच की." आण्णा कोपरावर उठून बसले. "तुजं गवात पिवळं पडलं व्हतं. रोज पानी मारतुयास, पर जिमीन उपाशी हाय, तिची तुला दाद न्हाई. म्हून बसावली मेंढरं. आनी चार राती बसूदे. मंग बघ गवात कसं येतंया. उगं कालवा करू नगंस."

आमच्या पूर्व भागात शेतात मेंढरं बसवणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला मी काय सांगू? कळप रात्रभर रानात बसला की जमिनीला खत मिळतं. वैशाखात बागायतदार धनगराच्या मागं लागतात, पायली पायली धान्य मोजतात, चहा पाजतात. आण्णांनी आयुष्यात कुणाच्या रानात एक रात्र फुकट मेंढरं बसवली नव्हती. सख्ख्या मेव्हण्यालाही नाही. दत्ताला हे माहीत होतं. त्याच कळपामागं तो लहानपणी चालला होता.

"फुकट बसवली, आण्णा?" त्यानं विचारलं. आवाज वेगळाच आला.

"तुज्याकडनं काय घ्यायचं रं, गड्या?"

दत्तानं काठी खाली ठेवली. कट्ट्यावर बसला आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत राहिला, लहान पोरासारखा. मग चुलतभावाला हाक मारून म्हणाला, "ती वाघर उचल. हिकडं आन. कायमची." सुनीता तोंडाला पदर लावून आत पळाली.

मी उगीच वर चढून चाकांतली धूळ झटकत बसलो. मला काय, असल्या वेळी हाताला काम लागतं. खाली आलो तेव्हा दत्ता आणि चुलतभाऊ समोर मेखा ठोकत होते आणि आण्णा पुन्हा झोपले होते. तोंड उघडं, छाती संथ वरखाली होतेय. ताई दाराशी जमिनीवर बसल्या होत्या. कोकरू त्यांच्या पर्सचा पट्टा चघळत होतं, त्यांचं लक्ष नव्हतं.

मी म्हटलं, "ताई, निघूया का? ऊन वाढायचं."

"थांबा हो जरा," त्या कुजबुजल्या. "आत्ता कुठं डोळा लागलाय त्यांचा."

दार आता पुरतं सरकवलेलं होतं, समोर सगळा माळ होता, पार लांबच्या डोंगरापर्यंत. ताई त्या सगळ्याकडे पाठ करून बसल्या होत्या आणि झोपलेल्या म्हाताऱ्याकडे बघत होत्या. डोळे वाहत होते, पुसतही नव्हत्या. मी चपला बाहेर काढल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.